जातिवंत कोणाला म्हणावे?

वर्गात एकदा मी 'माझ्या शेजारचा प्राणी' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. कोणी शेळीवर लिहिले, कोणी कबुतरांवर, कोणी टांग्याच्या घोड्यावर. एका मुलीने शेजारच्या घरातील पग जातीच्या कुत्र्यावर लिहिले होते. त्याचे चपटे तोंड, कपाळावरच्या सुरकुत्या, गोल वळलेले शेपूट, सगळे वर्णन तिने मोठ्या हौसेने केले होते. शेवटी मात्र तिने लिहिले होते, "हा कुत्रा पंचवीस हजारचा आहे. तो रात्री घोरतो. उन्हाळ्यात त्याला श्वास पुरत नाही. त्याला सारखे डॉक्टरांकडे नेतात. एवढा महाग आहे, तर तो आजारी का आहे?"

मी लाल शाईने 'हजारचा' खोडून 'हजारांचा' केले. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर वहीच्या समासात मावणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो निबंध मी वर्गात वाचून दाखवला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आपल्याकडे घरात कुत्रा पाळत नाहीत. मग हा प्रश्न आपल्याला कशाला?" मला हाही प्रश्न आवडला. त्या दोघांना उत्तर द्यावे, म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. कुत्र्याची जात जपावी, यात काही वाईट नाही. पण 'शुद्ध जात' हा शब्द जेव्हा कुत्र्याच्या आरोग्यापेक्षा मोठा होतो, तेव्हा त्या शुद्धतेची शिक्षा मुक्या जनावराला भोगावी लागते. हे मत मी कशाच्या आधारावर मांडतो, ते आता पाहू.

कुत्रा हा लांडग्याच्या वंशातील प्राणी आहे. निदान १४-१५ हजार वर्षांपूर्वी तो माणसाच्या सोबतीला आला. गाय, शेळी, घोडा हे सगळे त्याच्यानंतर आले. माणूस शेती करू लागला त्याच्याही आधी कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ बसत होता. पुढे माणसाची कामे वाढली, तशी त्याने कामाप्रमाणे कुत्र्यांची निवड केली. धनगराला मेंढ्या राखणारा कुत्रा हवा होता. शिकाऱ्याला वेगाने धावणारा किंवा वास काढणारा हवा होता. बर्फाच्या प्रदेशात गाडी ओढणारा हवा होता. जो कुत्रा काम चांगले करी, त्याची पिल्ले लोक ठेवून घेत. अशा निवडीतून शेकडो वर्षांत निरनिराळे वाण तयार झाले. आज जगात सुमारे साडेतीनशे जाती मानल्या जातात. पण लक्षात ठेवा, या सगळ्या मिळून प्राणी एकच आहे. तळहातावर मावणारे चिवावा जातीचे पिल्लू आणि वासराएवढा ग्रेट डेन, दोघेही कुत्रेच.

आपल्याच भागातील एक उदाहरण घेऊ. मराठवाडा, सोलापूर आणि त्यांना लागून असलेला उत्तर कर्नाटक या भागांत 'कारवानी' नावाचा शिकारी कुत्रा आढळतो. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर आणि निमुळते तोंड अशी त्याची ठेवण असते. माळरानावर सशामागे धावण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुत्रा क्वचितच मिळेल. त्याचे नाव 'कारवाँ' या शब्दावरून आले आहे. उर्दू शिकणाऱ्या तुम्हां मुलांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. इराण, अफगाणिस्तान, अरबस्तान या बाजूंनी दख्खनमध्ये आलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या तांड्यांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज आले, असे मानले जाते. अरबांचा प्रसिद्ध सलूकी कुत्रा त्यांचा नातलग समजला जातो. याच कुत्र्यांपैकी ज्यांच्या कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस असतात, त्यांना 'पश्मी' म्हणतात. 'पश्म' म्हणजे लोकर. पश्मीना शालीच्या नावात तोच शब्द आहे.

मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीकडे लक्ष दिले. त्यांनी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव प्रसिद्ध झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींच्या कुत्र्यांची तिकिटे काढली. त्यांत मुधोळ होता. त्याच्यासोबत रामपूर, राजपालयम आणि हिमालयातील मेंढपाळी कुत्रा हे होते. म्हणजे आपल्या देशालाही जातिवंत कुत्र्यांची मोठी परंपरा आहे.

आता जातिवंत कुत्र्याचे फायदे काय, ते प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. पहिला फायदा असा, की पिल्लू मोठे झाल्यावर कसे होईल, याचा बराचसा अंदाज आधीच येतो. त्याची उंची किती होईल, त्याला किती धावायला लागेल, त्याचे केस किती गळतील, त्याचा स्वभाव साधारण कसा असेल, हे जातीवरून कळते. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याने सेंट बर्नार्डचे गोंडस पिल्लू आणले, तर वर्षभरात ते साठ किलोंच्या पुढे जाते. जातीची माहिती असली, तर अशी फजिती होत नाही.

दुसरा फायदा कामाचा आहे. अंध माणसाला रस्ता दाखवण्यासाठी लॅब्राडोर कुत्र्यांना शिकवतात, कारण ती जात शांत आणि शिकायला उत्सुक असते. पोलिसांच्या श्वानपथकात जर्मन शेफर्ड असतो. स्फोटके हुंगून काढणाऱ्या कुत्र्यांमुळे कितीतरी माणसांचे प्राण वाचतात. अलीकडच्या वर्षांत आपल्या लष्कराने मुधोळ कुत्र्यांनाही शिकवायला घेतले. हे गुण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेले असतात. ते एका दिवसात तयार होत नाहीत, आणि एकदा गेले तर सहज परतही येत नाहीत.

तिसरा फायदा वारशाचा. कारवानी कुत्रा म्हणजे दख्खनच्या इतिहासाचे एक चालते-धावते पान आहे. जुनी इमारत पडू नये असे आपल्याला वाटते. मग शेकडो वर्षांत घडलेला एक प्राणी नाहीसा व्हावा, असे का वाटावे?

फायदे एवढे आहेत. मग तो पग आजारी का?

याचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले औपचारिक प्रदर्शन भरले. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. प्रत्येक जातीचे 'आदर्श रूप' लिहून ठेवले गेले. कान कसे असावेत, रंग कोणता असावा, नाक किती आखूड असावे, सगळे ठरले. प्रत्येक जातीची नोंदवही उघडली गेली आणि ज्याचे आईवडील त्या वहीत आहेत, त्याचेच नाव वहीत लिहायचे, असा नियम झाला. वहीबाहेरचा कुत्रा कितीही निरोगी आणि कामसू असला, तरी त्याला दार बंद! पूर्वी कुत्र्याची परीक्षा शेतात आणि रानात होत असे. आता ती प्रदर्शनाच्या रिंगणात होऊ लागली. काम मागे पडले आणि रूप पुढे आले.

यातून दोन प्रकारचे नुकसान झाले. पहिले नुकसान रूपाच्या हव्यासाचे. लोकांना चपटे तोंड आवडले, म्हणून दर पिढीत अधिक चपट्या तोंडाचे कुत्रे निवडले गेले. पग आणि बुलडॉग यांची कवटी आखूड झाली, पण तोंडातील मऊ टाळू, जीभ आणि नाकातील भाग त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. लहान पेटीत जास्त कपडे कोंबावेत, तशी गत झाली. श्वासाची वाट अरुंद झाली. त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याला उकडले की घाम येतो आणि अंग थंड होते. कुत्र्याला पंजाखेरीज फारसा घाम येत नाही. तो तोंड उघडून धापा टाकतो आणि अंगातली उष्णता बाहेर टाकतो. ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्याने धापा तरी कशा टाकाव्यात? आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा उन्हात पगचे काय होत असेल, याचा विचार करा. बुलडॉगचे डोके इतके मोठे झाले आहे, की त्याची बहुतेक पिल्ले मादीचे पोट चिरून काढावी लागतात. ज्या प्राण्याला माणसाच्या शस्त्रक्रियेवाचून जन्मही घेता येत नाही, त्याला 'उत्तम' म्हणायचे काय?

२००३ च्या सुमारास आपल्याकडे एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे-मागे चालणारा पग दिसू लागला. तो सगळ्यांना आवडला आणि पगची मागणी वाढली. जाहिरातीत त्याचे डोळे दिसतात, पण रात्रीची घरघर ऐकू येत नाही. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ते जवळच्या नात्यातील पैदाशीचे आहे. विज्ञानाच्या तासाला तुम्ही मेंडेल आणि त्याचे वाटाणे शिकता किंवा लवकरच शिकाल. प्रत्येक गुणासाठी प्राण्याला दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असली आणि दुसरी चांगली असली, तर बहुतेक वेळा चांगल्या प्रतीने काम भागते. दोष लपून राहतो. पण एकाच घराण्यातील नर आणि मादी यांच्याकडे तोच लपलेला दोष असण्याची शक्यता बरीच असते. दोघांकडे तो असला, तर सरासरी चार पिल्लांपैकी एकाला दोन्ही प्रती सदोष मिळतात आणि रोग उघडा पडतो. नोंदवही बंद असली, की सगळेच एकमेकांचे चुलत-मावस भाऊ होत जातात. एखादा नर प्रदर्शनात पहिला आला, की सगळे त्याचीच पिल्ले मागतात. त्या एका नराचा दोष मग शेकडो घरांत जातो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डाल्मेशियन कुत्र्याचे आहे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला हा कुत्रा तुम्ही चित्रांत पाहिला असेल. इतर कुत्र्यांच्या शरीरात युरिक आम्लाचे रूपांतर होऊन ते सहज बाहेर पडते. डाल्मेशियनमध्ये तसे होत नाही. त्यामुळे त्याला मूतखडा होण्याची भीती असते. कधी लघवी अडते आणि जीवही जातो. हा दोष जातीतील एखाद्-दुसऱ्या कुत्र्यात नव्हता. नोंदवहीतील प्रत्येक शुद्ध डाल्मेशियनकडे दोन्ही प्रती सदोषच होत्या. म्हणजे घरात शोधून चांगली प्रत सापडणारच नव्हती. ती बाहेरून आणावी लागणार होती.

अमेरिकेतील रॉबर्ट शायबल या शास्त्रज्ञाने १९७३ साली तेच केले. त्याने एका डाल्मेशियनचा संकर पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी केला. फक्त एकदाच. त्यानंतर दर पिढीत, ज्या पिल्लांना चांगली प्रत मिळाली, ती निवडून त्यांचा संबंध पुन्हा डाल्मेशियनशीच केला. काही पिढ्यांनंतर जन्मलेले कुत्रे रंगाने, ठिपक्यांनी, चालीने डाल्मेशियनच होते. फरक एवढाच, की त्यांना तो रोग नव्हता. सगळ्यांना आनंद व्हायला हवा होता. पण तसे झाले नाही. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन पिल्लांची नोंद केली, तेव्हा जातीच्या अभिमान्यांनी विरोध केला. "यांचे रक्त शुद्ध नाही," असे ते म्हणाले. दार पुन्हा बंद झाले. शेवटी २०११ साली ते उघडले. १९७३ ते २०११, म्हणजे ३८ वर्षे. औषध हाती असताना, केवळ एका पूर्वजाच्या नावावरून, इतकी वर्षे रोगी पिल्ले जन्माला येत राहिली. मला या गोष्टीचा राग येतो आणि तुम्हांलाही तो यावा, असे मला वाटते.

इंग्लंडमध्येही लोक जागे झाले. २००८ साली बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या रोगांवर एक माहितीपट दाखवला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी तेथील केनेल क्लबने आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्खी भावंडे यांच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंद बंद केली. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक निर्बंध आले. म्हणजे ज्या युरोपने बंद नोंदवहीची पद्धत सुरू केली, तेथेच आता तिची चूक उमगू लागली आहे.

दुर्मीळ जातींचा प्रश्न याहून अवघड आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडील बेटांवर लुंडेहुंड नावाचा कुत्रा आहे. त्याच्या प्रत्येक पायाला सहा बोटे असतात आणि त्याची मान मागे पाठीपर्यंत वळते. समुद्रकाठच्या कड्यांतील अरुंद कपारींत शिरून तो पफिन नावाचे पक्षी पकडत असे. पुढे लोक जाळ्यांनी पक्षी पकडू लागले आणि कुत्र्याचे काम संपले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिस्टेंपर रोगाची साथ आली आणि जवळजवळ सारे कुत्रे मेले. काही जिद्दी माणसांनी उरलेल्या पाच-सहा कुत्र्यांपासून ही जात पुन्हा उभी केली. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण पाच-सहा पूर्वजांचा सगळा वंश म्हणजे सगळेच सख्खे नातलग. आज या कुत्र्यांत आतड्यांचा गंभीर विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. म्हणून नॉर्वेतील लोकांनी आता लुंडेहुंडचा काळजीपूर्वक संकर बुहुंडसारख्या शेजारच्या जातींशी सुरू केला आहे. जात वाचवायची असेल, तर तिचे दार थोडे उघडावे लागते, हे त्यांनी ओळखले.

आपल्या देशी जातींनी यातून काय शिकावे? रामपूरचा शिकारी कुत्रा पाहा. उत्तर प्रदेशातील रामपूरचे नवाब अहमद अली खान यांनी अफगाणी ताजी आणि इंग्लिश ग्रेहाउंड यांच्या संकरातून तो घडवला, असे मानले जाते. म्हणजे ज्याला आज आपण 'शुद्ध रामपूर' म्हणतो, तो मुळात मिश्रणातून जन्मला. खोलात गेले तर बहुतेक जातींची हीच कथा आहे. आरंभी मिश्रण, मग निवड, आणि शेवटी शुद्धतेचा अभिमान! मिश्रणातून जन्मलेल्याने मिश्रणाला नावे ठेवावीत, हे काही बरे नाही.

संस्थाने गेली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. हे योग्यच झाले. पण त्यामुळे शिकारी कुत्र्यांचे काम गेले आणि त्यांची संख्या घटली. त्यातच परदेशी कुत्र्यांची हौस वाढली. सैबेरियाच्या बर्फासाठी घडलेला, अंगावर केसांचा दुहेरी थर असलेला हस्की कुत्रा लोक आपल्या उन्हाळ्यात आणून ठेवतात आणि त्याच्यासाठी दिवसभर वातानुकूलन यंत्र चालवतात. येथल्या उन्हात, येथल्या मातीत वाढलेला कारवानी मात्र 'गावठी' ठरतो. ३० ऑगस्ट २०२० रोजी आकाशवाणीवरील भाषणात पंतप्रधानांनी मुधोळ, राजपालयम आदी देशी जाती पाळण्याचे आवाहन केले, तेव्हा अनेकांना ही नावे पहिल्यांदाच कळली.

देशी जातींना मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मला येथेही एक काळजी वाटते. उद्या मुधोळलाही तसाच भाव आला आणि तोही केवळ बंगल्यापुढे मिरवण्याची वस्तू झाला, तर पगचे झाले ते त्याचेही होईल. राजपालयम कुत्र्याचा रंग पांढराशुभ्रच हवा, असा हट्ट लोक धरतात. त्या जातीत जन्मतः बहिरी पिल्ले आढळतात, हे ते विसरतात. आपण रंगाकडे पाहतो आणि पिल्लाला मात्र हाक ऐकू येत नाही. अति तेथे माती, ती अशी.

कोणी म्हणेल, "मग सगळ्या जाती एकमेकींत मिसळू द्याव्यात का?" नाही. मी असे म्हणत नाही. शर्यत जिंकण्यासाठी कारवानीत चोरून ग्रेहाउंड मिसळायचा आणि पिल्ले 'अस्सल' म्हणून विकायची, ही लबाडी आहे. विचारपूर्वक, उघडपणे, रोग टाळण्यासाठी केलेला संकर ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्याने जात बिघडते, दुसऱ्याने ती जगते. वंशावळीची नोंद जरूर ठेवावी. पण ती नात्यातली पैदास टाळण्यासाठी वापरावी. वंशावळ ही काळजीची वही असावी, गर्वाची नसावी.

जे गावठी कुत्र्याला नाके मुरडतात, त्यांनाही एक सांगायचे आहे. आपल्या गल्लीतला तांबूस कुत्रा कोणाच्या नोंदवहीत नाही. पण शेकडो पिढ्या ऊन, पाऊस, उपासमार यांतून तो तावून सुलाखून निघाला आहे. त्याचे नाक मोकळे आहे, पाय सरळ आहेत. तरीही गावठी कुत्रा म्हणजे आरोग्याचा पुतळा, असे मी म्हणणार नाही. त्यालाही रोग होतात, त्याची पिल्ले मोठ्या संख्येने मरतात. लस न दिलेल्या कुत्र्याकडून रेबीज होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून कुत्रा जातिवंत असो वा गावठी, त्याला लस हवीच. कुत्रा चावला, तर जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता मागच्या बाकावरच्या त्या मुलाकडे वळतो. "आपल्याकडे कुत्रा पाळत नाहीत, मग आपल्याला काय?" आपल्या घरांत पाकीचा विचार असतो आणि पुष्कळ लोक कुत्रा घरात ठेवत नाहीत, हे खरे आहे. पण रखवाली, शिकार आणि गुरे-मेंढ्या राखणे यांसाठी कुत्रा ठेवण्याची परवानगी आहे, हेही तुम्ही घरात ऐकले असेल. कुरआन शरीफमध्ये शिकारी जनावराने पकडलेल्या शिकारीचा उल्लेख आहे. तेथे अट त्या जनावराला शिकवलेले असण्याची आहे, नसलेची नाही. असहाबे-कहफच्या कथेत गुहेच्या दाराशी बसलेला कुत्रा आहे. तो कोणत्या जातीचा होता, हे तेथे सांगितलेले नाही. तो सोबत राहिला, एवढे मात्र सांगितले आहे. आणि तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या माणसाची हदीस तर लहान मुलालाही पाठ असते. त्या माणसाने पाणी पाजण्यापूर्वी कुत्र्याची वंशावळ विचारली नव्हती.

कुत्रा आपण पाळो वा न पाळो, दया पाळणे तर आपल्या हाती आहे. शिवाय उद्या तुमच्यापैकी कोणी पशुवैद्य होईल, कोणी शेतकरी, कोणी पोलीस खात्यात जाईल. कोणाचा शेजारी, कोणाचा मित्र पिल्लू विकत घेताना तुमचा सल्ला मागेल. तेव्हा काय सांगाल?

त्याला सांगा, पिल्लाआधी त्याची आई पाहा. ती नीट चालते का, मोकळा श्वास घेते का, ते बघा. आईवडिलांचे आपसातले नाते विचारा. त्या जातीत कोणते रोग येतात, हे पशुवैद्याला विचारा. आपल्या गावच्या हवेत हा कुत्रा सुखाने राहील का, याचा विचार करा. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबत नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. विक्रेता हे नियम पाळतो का, ते पाहा. आणि यांतले काही जमत नसेल, तर गल्लीतले एखादे पिल्लू घे, त्याला लस दे, आणि त्याला नाव दे, असेही त्याला सांगा.

मग जातिवंत कोणाला म्हणावे? माझ्या मते, जो मोकळा श्वास घेतो, आपले काम आनंदाने करतो आणि ज्याची पिल्लेही निरोगी जन्मतात, तो कुत्रा जातिवंत. मग त्याचे नाव वहीत असो वा नसो.

त्या मुलीच्या निबंधाला मी चांगले गुण दिले. तिने विचारले होते, एवढा महाग आहे, तर तो आजारी का आहे? निबंधाखाली मी तिला उत्तर लिहिले, "बेटा, लोकांनी पैसे त्याच्या चेहऱ्याचे दिले. त्याच्या श्वासाचा विचार कोणी केलाच नाही. तू तो केलास, म्हणून तुझा निबंध मला आवडला."